पदवीचा उतरता भाव : भूम तालुक्याच्या निमित्ताने

भूम हे नाव आमच्या बहुतेक वाचकांना परके वाटेल. धाराशिव जिल्ह्याशी आपल्या समाजाचा अलीकडचा ठळक संबंध आला तो २०२० च्या जानेवारीत. त्या वर्षी तेथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले होते. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते; २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झाले. त्या जिल्ह्याच्या वायव्य अंगास, बालाघाटच्या डोंगरउतारावर, बाणगंगेच्या काठी भूम हे तालुक्याचे गाव आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन बरीचशी हलकी. दूधदुभते मात्र चांगले, आणि म्हणून खवा प्रसिद्ध. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र याच तालुक्यातले. तेथल्या पेढ्याची आणि खव्याची कीर्ती जिल्ह्याबाहेरही आहे.

खव्याच्या या गावाची आठवण पदवीच्या संदर्भात का व्हावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की मुंबई-पुण्यात पदवीचा उदय, तिचा मान आणि तिचा ऱ्हास हा प्रवास घडायला दीडशे वर्षे लागली; भूमसारख्या तालुक्यात तो जेमतेम तीन पिढ्यांत घडून गेला. आजोबा निरक्षर, वडील गावातले पहिले पदवीधर आणि नातू पदवी असूनही रिकामा, अशी कुटुंबे मराठवाड्यात गावोगाव भेटतात. ‘पदवीला किंमत राहिली नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतके रुळले आहे की ती किंमत मुळात कोणी ठरविली होती, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पदवीला स्वतःचा असा बाजारभाव फारसा नव्हताच. सरकारने तिला ज्या जागा जोडून दिल्या, त्या जागांचा तो भाव होता. मुंबई इलाख्यात जागा आधी होत्या आणि पदवीधर मागून आले. मराठवाड्यात पदव्या पोहोचेपर्यंत जागा भरत आल्या होत्या.

आरंभापासून पाहू. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. त्याचे पहिले बी.ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. ते चौघेच होते : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एवढ्या मोठ्या इलाख्यात चार पदवीधर म्हटल्यावर त्यांना नोकरी शोधावी लागली नाही, यात नवल नाही. न्यायखाते, शिक्षणखाते, संस्थानांचे दरबार यांना अशा माणसांची निकड होती. नावापुढे ‘बी.ए.’ लावण्याची प्रथा त्या काळातली. ती दोन अक्षरे दारावरच्या पाटीवर नुसता अलंकार म्हणून नसत; सरकारदरबारी आपली पत काय, हे ती सांगत.

पण पदवीचा हा मान ज्यांच्या कराच्या पैशावर उभा होता, त्यांच्या वाट्याला काय आले? महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले, तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे हेच होते : शेतकऱ्यांकडून जमा होणारा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते. उच्च शिक्षण घेणारे सरकारी नोकरीकडेच धाव घेतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. पदवी आणि नोकरी यांची गाठ इतकी जुनी आहे.

आपल्या समाजाच्या इतिहासातही हीच गाठ दिसते, आणि तीही ठळकपणे. मुंबई, साष्टी व वसई परिसरातील मूळच्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले आणि १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. त्यामागे अस्मितेचा भाग होताच. परंतु कंपनी सरकारच्या चाकरीत आपण आधीपासून आहोत, नव्याने मुंबईत येणाऱ्या गोमंतकीय व मंगळुरी ख्रिस्ती बांधवांहून आपला दावा वेगळा आहे, हे सरकारला पटवून देण्याची निकडही होती. नोकरीच्या स्पर्धेने एका समाजाला त्याचे नावच दिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्या पिढ्यांना पदवीची गरज भासली नाही. मॅट्रिकचे प्रमाणपत्र, बरे इंग्रजी आणि पुढे टंकलेखनाची परीक्षा एवढ्या सामग्रीवर रेल्वे, तारखाते, गोदी आणि फोर्टमधील पेढ्या यांची दारे उघडत. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र अजून जपून ठेवलेले असेल. नातवाच्या बी.कॉम.ने जे साधले नाही, ते त्या एका कागदाने साधले होते.

आता भूमकडे वळू. भूमपासून बार्शी फार दूर नाही; पण १९४८ पर्यंत या दोन गावांच्या मधून राज्याची सरहद्द जात होती. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. भूम हैदराबादच्या निजामाच्या मुलखात. एकीकडे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, तर दुसरीकडे सरकारी शाळांतून उर्दूचे वर्चस्व. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि १९१९ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. जिल्हा आणि विद्यापीठ या दोहोंना एकच नाव होते. हिंदुस्थानी भाषेतून सर्वोच्च शिक्षण देण्याचा तो देशातला पहिला मोठा प्रयोग होता. त्यासाठी पाश्चात्त्य ग्रंथांचे उर्दूत भाषांतर करणारी स्वतंत्र संस्था निघाली, आणि या कामाचे एक धुरीण मौलवी अब्दुल हक काही काळ औरंगाबादेतही होते. त्या प्रयोगाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पदवीसाठी आधी उर्दूची भिंत चढावी लागे. शिवाय हैदराबादला जाऊन राहायचे, तर घरची सांपत्तिक स्थितीही हवी. परिणामी भूम-परंड्याच्या बाजूचा पदवीधर ही एक दुर्मीळ चीज राहिली. त्या काळी याच जिल्ह्यात हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले शिक्षक तेथे होते. पण ती शाळा नोकरीच्या वाटेवरची नव्हती, चळवळीच्या वाटेवरची होती.

उस्मानियाच्या पदवीला संस्थानात भाव होता, कारण संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. १९१९ च्या मुलकी नियमांनी संस्थानातील नोकऱ्या स्थानिकांसाठी राखल्या होत्या. पदवी, भाषा आणि जागा ही तिन्ही एका माळेत ओवलेली होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि ती माळ तुटली. कारभाराची भाषा बदलली, शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आले, उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. उर्दूतून कष्टाने कमावलेल्या विद्वत्तेची कचेरीतली किंमत थोड्याच काळात ओसरली. माणसे तीच, त्यांचे ज्ञान तेच. पलीकडची खुर्ची तेवढी बदलली. भाव पदवीचा नसतो, जागेचा असतो, याचा याहून स्पष्ट दाखला मराठी मुलखात दुसरा आम्हांस आढळत नाही. मराठवाड्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मुक्तिसंग्रामाचे वर्णन यथोचित केले आहे. या लहानशा उलथापालथीकडे मात्र फारसे कोणी वळून पाहिलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर शिक्षणाची तहान भागवण्याचे प्रयत्न तातडीने झाले. १९५० मध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. तत्पूर्वी १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला शासकीय नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले गेले होते आणि त्या भरवशावर १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. या सामीलीकरणाने मुलकी नियमांचे कवच गेले. त्याच्या जागी आश्वासन आले.

पहिली पंधरा-वीस वर्षे चांगली गेली. नवे राज्य, १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या, गावोगाव निघणाऱ्या शाळा, पाटबंधारे, सहकारी बँका : या साऱ्यांना लिहिता-वाचता येणारी माणसे हवी होती. त्या काळात बी.ए. झालेला मुलगा मास्तर झाला, ग्रामसेवक झाला, तहसील कचेरीत कारकून झाला. पगार दरमहा येतो, पावसावर अवलंबून नसतो, हा अनुभव कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला नवा होता. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण एका पिढीत उलटी झाली. १९७२ च्या दुष्काळाने तर ती कायमची उलटविली. खडी फोडायला गेलेल्या शेतकऱ्याने आणि महिन्याच्या पगारावर तगलेल्या मास्तराने एकच दुष्काळ पाहिला. पण दोघांच्या मुलांनी त्यातून एकच धडा घेतला.

त्यानंतर दोनच वर्षांनी पहिली ठिणगी पडली. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी पेटविले आणि स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात ही त्यातली एक मुख्य मागणी होती. वसमतला गोळीबार झाला, विद्यार्थी बळी पडले. पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या ज्येष्ठांनी आंदोलनाला दिशा दिली. रेल्वे रुंदीकरण, सिंचन, उद्योग या मागण्या पुढे आल्या. परंतु मूळ दुखणे पदवीधराचे होते, हे विसरता येत नाही. विद्यापीठ निघून अवघी सोळा वर्षे झाली होती, आणि त्याने घडविलेला तरुण रस्त्यावर उतरला होता. १९७८ ते १९९४ या नामांतराच्या कालखंडात जो विद्वेष उसळला, त्यातही आकसत चाललेल्या नोकऱ्यांची धास्ती कोठेतरी होतीच, असे आमचे मत आहे. गावात दलित मुलगा शिकून कचेरीत बसला, याचे शल्य ज्यांना बोचले त्यांना त्याच्या पदवीपेक्षा त्याची खुर्ची खुपत होती.

सरकारने यावर काय केले? महाविद्यालये वाढविली. हा इलाज एका अंगाने योग्यच होता. तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालय आले म्हणून भूमच्या पंचक्रोशीतील मुली बी.ए. होऊ शकल्या, एरवी त्यांना बार्शीला किंवा उस्मानाबादला कोण पाठविणार होते? हा लाभ आम्ही लहान मानत नाही. ज्यांना पदवीने नोकरी दिली नाही, त्यांनाही तिने लग्नाचे वय चार वर्षे पुढे ढकलण्याची सवड दिली, आणि आपल्या मुलांचा अभ्यास घेण्याची कुवत दिली. मराठवाड्यातील पदवीची कथा सांगताना मुलींचा हा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

परंतु मुलांच्या बाबतीत पदवीपाठोपाठ जी वाट तयार झाली, ती जवळपास एकच होती : आणखी शिकून मास्तर व्हायचे. बी.ए. मागे बी.एड. आले, बारावीमागे डी.एड. आले. शाळांची संख्या वाढत होती तोवर हे चक्र फिरले. पुढे विनाअनुदानाचे धोरण आले. संस्थाचालकाने शाळा काढावी, तरुणाने अनुदानाच्या आशेवर बिनपगारी शिकवावे, आणि जागेसाठी ‘देणगी’ म्हणून वडिलांनी रान विकावे, हा व्यवहार गावोगाव सर्वांना ठाऊक होता. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या नावातील ‘कायम’ हा शब्द २००९ साली वगळला गेला, आणि त्यानंतरही अनुदान आले ते टप्प्याटप्प्याने. पाचपन्नास हजारांची नव्हे, कित्येक लाखांची गुंतवणूक करून ही मंडळी वर्षानुवर्षे वाट पाहत बसली. दरम्यान २००० साली शिक्षणसेवक योजना आली होती. प्राथमिक शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधन मिळू लागले. त्याच काळात डी.एड.ची विद्यालये इतकी उगवली की २०१० नंतर भरती थांबताच ती ओस पडू लागली. २०१३ च्या डिसेंबरात शिक्षक पात्रता परीक्षा आली. म्हणजे पदवी, त्यावर अध्यापनाची पदवी, त्यावर पात्रता परीक्षा, त्यावर पुन्हा भरतीची परीक्षा. पायऱ्या वाढत गेल्या. वर पोहोचल्यावर खोली तेवढीच, किंबहुना लहान.

वरच्या शिक्षणातही निराळे घडले नाही. आज ग्रामीण महाविद्यालयांत बी.ए.च्या मुलांना शिकविणारे पुष्कळ अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. नेट, सेट, पीएच.डी. या साऱ्या पायऱ्या चढूनही त्यांना घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळतात, सुट्टीत काहीच नाही. पदवीचे मोल विद्यार्थ्याला समजावून सांगणारा माणूस स्वतःच त्या मोलाच्या घसरणीचा पुरावा होऊन फळ्यापुढे उभा असतो. वर्गातली चलाख मुले हे पाहत असतात.

तिसरी वाट स्पर्धा परीक्षांची. एके काळी शालान्त परीक्षेवर मिळणारी तलाठ्याची जागा आता पदवी मागते. त्यासोबत संगणकाचे एम.एस.-सी.आय.टी. प्रमाणपत्र हवे, आणि कारकुनाच्या जागेसाठी टंकलेखनही हवे. कामाचे स्वरूप पाहता पदवीची गरज किती, हा प्रश्न निराळा. उमेदवार फार झाले की चाळण बारीक करावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एका जागेमागे दोनशेहून जास्त पदवीधर. या पदाचे नाव पुढे ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. नावाला वजन आले, जागा वाढल्या नाहीत. शिपायाच्या पोलीस भरतीला बारावीची अट असते. तिथेही पदवीधर आणि अभियंते पहाटे धावण्याच्या रांगेत उभे असतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतील व नव्या पेठेतील अभ्यासिकांत मराठवाड्याची मुले पाच-पाच, सात-सात वर्षे काढतात. खोलीचे भाडे, खानावळीचा डबा, अभ्यासिकेचे शुल्क, शिकवणीची फी हे सारे गावाकडून येते. सोयाबीनला भाव नसला तरी येते.

पदवीचा कागद पुरेना, तेव्हा तरुण दुसऱ्या कागदाच्या शोधात निघाला, हेही याच इतिहासात नोंदविले पाहिजे. २०२३ पासून मराठवाड्यात निजामकाळातील कुणबी नोंदी शोधल्या जाऊ लागल्या आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटसंबंधी शासननिर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात आम्ही शिरत नाही. पण ज्या राजवटीने भूमच्या माणसाला पदवीपासून दूर ठेवले, तिच्याच दप्तरात त्याचा पणतू आज आपल्या पदवीला आधार शोधतो आहे, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकाला थबकविणारी आहे.

देशभराचे चित्रही याला साजेसेच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालाप्रमाणे २०२२ साली पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के. वरवर पाहता शिकणे हाच गुन्हा वाटावा, असे हे आकडे. खरा अर्थ इतका सरळ नाही. निरक्षराला बेरोजगार राहणे परवडत नाही. तो दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला जातो. पदवीधराच्या घरी दोन घास असतात म्हणून तो वाट पाहू शकतो, आणि पदवीने त्याला वाट पाहण्याचे कारण दिलेले असते. नोकरी मिळाल्यावर पदवीधराची सरासरी कमाई आजही जास्तच असते. पदवी निरुपयोगी झालेली नाही. तिची दुर्मीळता तेवढी संपली. पूर्वी ती हक्कासारखी दाखविता येत असे. आता ती रांगेत उभे राहण्याचा परवाना आहे, आणि तो परवाना नसलेल्याला रांगेतही जागा नाही. म्हणूनच ‘सोडून द्या ते कॉलेज’ हा सल्ला आम्ही कोणाच्याही मुलाला देऊ धजत नाही. असा सल्ला देणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा उत्तम महाविद्यालयांत असतात, हे आपण पाहतोच.

भूमच्या खव्याकडे एकदा पाहावे. दूध नासते, खवा टिकतो; बाजार दूर असलेल्या मुलखाने शोधलेली ही युक्ती. भट्टीवर दूध आटविणाऱ्या माणसाला तापमानाचे, फॅटचे, म्हशीच्या चाऱ्याचे बारीक ज्ञान असते. त्या ज्ञानाला कोणी पदवी दिली नाही, आणि ज्या पदव्या तालुक्यात दिल्या गेल्या त्यांतल्या बहुतेकांचा या भट्टीशी काडीचा संबंध आला नाही. दुग्धशास्त्र, साठवण, वाहतूक, हिशेब, विक्री ही सारी शिकविण्याजोगी शास्त्रे आहेत. १९६० ते १९९० या काळात तालुक्याचे महाविद्यालय म्हणजे कला आणि वाणिज्य, हे समीकरण ठरले. कारण त्या शाखांना फळा-खडू पुरतो, प्रयोगशाळा लागत नाही. खर्चाची ही सोय नंतर शिक्षणाचे धोरण म्हणून मिरविली गेली. याबद्दल आम्ही शिकणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरे ताट वाढलेलेच नव्हते.

राज्य सरकारने पदवीची किंमत अलीकडे आकड्यात सांगितली आहे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला दरमहा सहा हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यालाही दहाच हजार. म्हणजे बारावीनंतरच्या तीन वर्षांचे मोल दरमहा चार हजार, आणि त्यापुढील दोन वर्षांचे शून्य. तेही काही महिन्यांपुरते. मुदत संपल्यावर प्रशिक्षणार्थी घरी. १९९० च्या दशकात पदवीधरांना सरकारी कचेऱ्यांत अंशकालीन कर्मचारी म्हणून तुटपुंज्या मानधनावर घेतले होते. पुढे तेही कायम करण्याच्या मागणीसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालीत राहिले. ही दुसरी फेरी आहे.

याच सुमारास, २०२४-२५ पासून, नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे संलग्न महाविद्यालयांतही पदवीचा नवा आराखडा लागू झाला. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येईल. चौथे वर्ष पूर्ण केल्यास ‘ऑनर्स’ मिळेल. २०२७ च्या उन्हाळ्यात या आराखड्यातली पहिली मुले तिसरे वर्ष संपवतील. तेव्हा भूमच्या घरांतून हिशेब मांडला जाईल तो एवढाच : चौथ्या वर्षाचा खर्च कोठून आणायचा, आणि पुढच्या भरतीच्या जाहिरातीत तीन वर्षांची पदवी चालेल की चार वर्षांची मागतील.